माळ खुंटीवरही वाढते

नेर तालुका
बुधवार, ८ जानेवारी २०२५

प्रेरणा, माय,

पाकीट चुलीत टाकायच्या आधी ही एक ओळ वाच. बाळंतपणाच्या आधी, होईल तितक्या लवकर, दवाखान्यात जाऊन हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी करून घे. गरोदर बायांची सगळ्यांचीच करतात म्हणे, पण तुही झाली का नाही झाली, हे मले माहीत नाही. तुह्या कार्डावर लिहिलेलं नसेल तं डॉक्टरले स्वतःहून सांग. माहं काम एवढंच होतं.

आता चुलीत टाकलं नसशीन तं पुढं वाच.

तुले सातवा लागला हे विमलताईनं सांगतलं. आपल्या गावची आशा वर्कर. तिची बहीण मुकुटबनले देली आहे, तिनं तुले बाजारात पाह्यलं. उभ्याउभ्या बोरं खाऊन राह्यलती म्हणे. तुह्या मायलेही तू पोटात होती तव्हा बोरंच लागत. मी दुपट्टाभर आणून द्यायचो, अन् संगीता आठळ्या माह्या टोपीत टाकत जाय. ऐकून मले हसू आलं, अन् मग हसू कुठं गेलं ते समजलं नाही.

तू म्हणशीन, काविळीची माळ देणारा पुंडलिकराव लेकीले दवाखान्यात जाय म्हणते, हे नवल कुठलं? नवलच आहे. काहून, ते आता इचारू नको. फोनवर सांगतलं असतं, पण तुह्या फोनात माहा नंबर बंद आहे. तीन वेळा लावला, तीनही वेळा थे बाई इंग्रजीत काही तरी बोलली. विमलताईनं लावला तं तू म्हणाली, बाबांच्या गावचं मले काही सांगू नका. ठीक आहे. तुहा हक्क आहे.

काल दुपारी बाजीवर पडलो तं डोळा लागला. सपनात तुही माय तुरीतून चालली होती. तूर आता शेंगावर आली, पण सपनातली फुलातच होती, सारी पिवळी. तिच्या मागं माळ ओढत चालली होती, काड्या-काड्यायची, लांबच लांब. तिचं एक टोक माह्या हातात होतं. मी म्हणे, संगीता थांब, तुटन. थे मागं पाहेना. माळ वाढतच गेली, धुऱ्यावरून, नाल्यावरून, पार पांढरकवड्याकडं. जाग आली तव्हा हात मुठीत आवळलेला होता.

तपासणी कर.

तुहा बाप


शुक्रवार, २४ जानेवारी

प्रेरणा,

पाकीट वापस आलं. वर लिहिलेलं, 'घेण्यास नकार'. पोस्टमन माह्या हातात देत म्हणते, "भाऊ, पोरीनं घेतलं नाही." जसा मले वाचताच येत नाही!

लय राग आला. म्हटलं, मरू दे, आपल्याले काय. सांजवेळी ढोरं बांधता बांधता उतरला. ही जिद्द आली कोणाची? बापाचीच तं आहे. आता तेच पत्र ह्या पाकिटात घातलं, वरचा पत्ता विमलताईच्या अक्षरात आहे. एवढी लबाडी चालते.

तू लहान होती तव्हा रविवारी माह्याआधी उठायची. मी न बोलता वेलीच्या काड्या तोडून आणायचो, कारण तोडताना बोलायचं नाही असं माह्या मायनं, तुह्या भागीरथा आजीनं, शिकवलं होतं. तू दाराशी सुताचं रीळ घेऊन बसलेली. तुलेही बोलायची बंदी, म्हणून तू डोळ्यानंच इचारायची, किती? मी बोटानं सांगायचो, एकवीस. काडीचे पेराएवढे तुकडे करायचे, कच्च्या सुतात एकेक गाठवायचे. बांगडीएवढी माळ डोक्यावर ठेवली का आठ दिवसांत वाढत वाढत कपाळावर, मग कानावर, गळ्यावर, कमरेवर, अन् शेवटी पायातून खाली. मग वाहत्या पाण्यात सोडायची. मधात मोडायची नाही, कापायची तं बातच नाही. कापली का कावीळ उलटते. आंगणात नेर-दारव्ह्यापासून माणसं बसलेली असत, पिवळ्या डोळ्यायची. जाताना पाया पडत. तुले वाटे, आपला बाप देव आहे. मलेही तसंच वाटत होतं, खोटं कायले बोलू.

मायच्या आजारपणाचं उकरून काढत नाही. झालं गेलं. तू माळ कापली, मी नाही तसं बोललो. दोघायचंही चुकलं असं समजू अन् पुढं जाऊ. तू फक्त तपासणी करून घे. त्याच्यात कमीपणा नाही.

आपल्या वावरात ह्या साली तूर बरी आहे. लखनरावले नमस्कार सांग. मी लग्नाले आलो नाही, पण जवाई तं जवाईच आहे.

बाबा


मंगळवार, ४ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड १, चारातलं)

प्रेरणा, दुसरं पाकीटही वापस आलं. म्हणून आता कार्ड. कार्डाले नकार देता येते, पण देण्याआधी पोस्टमन वाचते, त्याच्या बाजूचा वाचते, चहाच्या टपरीवाला वाचते. वाचू द्या. तेरवीच्या दिवशी मी साऱ्या सोयऱ्यांसमोर, पंगतीत उभं राहून, तुह्याकडं बोट करून म्हटलं होतं, "हिनं माळ कापली, म्हणून हिची माय गेली." तथी दीडशे माणसं जेवत होती. तं हे कार्डही दीडशे माणसायनं वाचलं पाह्यजे.

(पोस्टकार्ड २)

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दारव्ह्याचा एक माणूस माळ घ्यायले येणार होता. आलाच नाही, सरळ दवाखान्यात भरती झाला. बांधलेली माळ उरली. फेकवेना. घरात फुलं नव्हती, म्हणून तुह्या मायच्या फोटोले घातली. चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यावर कशीबशी बसली. तिसऱ्या दिवशी पाह्यतो तं माळ फोटोच्या खाली लोंबते. पाचव्या दिवशी खालच्या कोनाड्यातल्या गडव्याले टेकली. फोटोतल्या बाईले कावीळ नव्हती, प्रेरणा.

(पोस्टकार्ड ३)

मग दुसरी बांधली अन् खुंटीवर टांगली. तीही वाढली. तिसरी बैलाच्या दाव्याच्या खुंट्यावर. तीही. हिरवी काडी वाळते, बारीक होते, गाठ सैल पडते, सूत सरकते. बाकी काही नाही. चाळीस वर्षं मी थे गाठ मारतो अन् तिच्यात काय आहे ते मलेच माहीत नव्हतं. हातायले माहीत असेल. काविळीचं अन् माळीचं एकामेकाशी काही घेणंदेणं नाही.

(पोस्टकार्ड ४)

मागच्या पत्रात मी लिहिलं, दोघायचंही चुकलं. थेही खोटं. तुहं काही चुकलं नाही. तू कापली म्हणून माय गेली नाही. माय आधीच जाऊन राह्यलती, अन् मी माळ मोजून राह्यलतो, कपाळावर आली, कानावर आली. एकट्याचं चुकलं. नाव पुंडलिक, राहणार नेर तालुका. आता एक पाकीट येईल, थे घे. कार्डावर लिहिण्यासारखं नाही, म्हणून पाकीट. हात जोडतो.


सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रेरणा, माय,

परवा दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. "राम राम इवाई, हंसा बोलते, लखनची याडी, तुमची इहीण." मी उठून उभाच राह्यलो. म्हणाल्या, पोस्टमननं चारही कार्डं आमच्या वट्ट्यावर बसून वाचली, मले वाचता येत नाही म्हणून मीच त्याले वाचायले लावली. तांड्यातल्या बाया जमल्या. दोन वेळा वाचून घेतली. छोरी आतमधी होती, तिनं सारं ऐकलं, अन् मग लय वेळ रडली. "आता तुमी पाकीट पाठवा. सही मी करते, अन् तिच्या हातात मी देते. पाह्यते कशी नाही घेत!"

मग म्हणाल्या, "इवाई, एक सांगा. माळ खोटी, तं मग तुमच्या हातानं आमच्या तांड्यातले लोक बरे कशे झाले? माहा खेमसिंग काका मरायले टेकला होता."

मी म्हटलं, इचारून सांगतो. नंतर विमलताईले इचारलं. तिनं समजावून सांगतलं, थे तूही हंसाबाईले सांग. कावीळ हा आजार नाही, आजाराचा रंग आहे. ताप आला का आंग गरम होते, तसं लिव्हर बिघडलं का डोळे पिवळे. बिघडायची कारणं बम, ढीगभर. खराब पाण्यातून येणारी कावीळ असते, तिच्यात बहुतेक माणसं आराम अन् पथ्यपाण्यानं महिन्या-दीड महिन्यात आपोआप सुधरतात. लिव्हर मोठं सोशिक असते म्हणे, मार खाते अन् पुन्हा भरून येते. खेमसिंग तसा सुधरला असेल, अन् नाव झालं माह्या माळीचं. पण दारूनं लिव्हर वाळते, चरबीनं सुजते, पित्ताच्या नळीत खडा अडकते, अन् बी नावाचा एक जंतू वर्षानुवर्षं आतमधी चूपचाप बसून राह्यते. ह्या लोकायलेही मी तेच एकवीस तुकडे बांधून देले. किती जण वापस आले नाही, ते मी कधी मोजलंच नाही. वापस न येणारा बरा झाला, असंच धरून चालत होतो.

आता जे लिहायले हे पाकीट केलं थे लिहितो.

तुह्या मायले पहिली माळ मी आखाडात घातली. उतरली. दुसरी घातली. उतरली. डोळे तं पिवळेच. पाय सुजले, पोट पाण्यानं फुगलं, दिवसा झोपायची अन् जागी झाली का मलेच म्हणे, "तुमी कोण?" मी गावात सांगे, गुण येऊन राह्यला. तिसरी माळ गळ्यापर्यंत आली अन् सुजेनं तिथंच अडकली. तू म्हणाली, बाबा, यवतमाळले नेऊ. मी म्हटलं, कमरेखाली येऊ दे. तव्हा तू शिलाईमशीनवरची कात्री घेतली, माळ कापली, शेजाऱ्याची गाडी बोलावली अन् मायले घेऊन गेली. मी मागून मोटरसायकलनं आलो, रस्ताभर तुले शिव्या देत. चौथ्या दिवशी थे गेली.

त्या दिवशी डॉक्टर मले बाजूले घेऊन म्हणाले, "काका, ही आजची कावीळ नाही. हिपॅटायटिस बी आहे, लिव्हर कित्येक वर्षांपासून आकसत आलं आहे. हा जंतू आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जाऊ शकतो. तुमची मुलगी आहे ना, तिचं रक्त नक्की तपासून घ्या. तुमचंही." अन् हातात कागद देला.

मी तो कागद घडी करून खिशात घातला. घरी आल्यावर देवाच्या पेटीत, माळीच्या सुताखाली ठेवला. तुले सांगतलं नाही. सांगतलं असतं तं मायले आधीपासून मोठा आजार होता हे मान्य करावं लागत होतं, माळीचा उपेग नव्हता हे मान्य करावं लागत होतं. त्याच्यापेक्षा तेरवीत तुह्याकडं बोट करणं सोपं होतं. तू गेली, मामाकडं राह्यली, लग्न झालं, अन् कागद पेटीतच. साडेतीन वर्षं. मी रोज त्या पेटीपुढं उदबत्ती लावत होतो.

माहं रक्त दिवाळीनंतर तपासलं, साफ आहे. माहं काहून साफ, अन् तिचं काहून नव्हतं? तिले कुठून लागलं, कोणाले माहीत. जुन्या काळची एखादी सुई, एखादं गोंदण. तिच्या हातावरचं तुळशीचं गोंदण तुले आठवते ना.

कागदाची झेरॉक्स सोबत आहे. डॉक्टरले दाखव. अन् हे नीट वाच, विमलताईकडून दोनदा ऐकून लिहिलं आहे: तपासणीत निघालं तरी घाबरायचं नाही. डॉक्टरले आधी माहीत असलं का झालं. बाळ जन्मल्याबरोबर, पहिल्या काही तासांत, त्याले दोन सुया देतात, एक लशीची अन् एक जंतूले लगेच अडवणाऱ्या तयार औषधाची. मग पुढचे डोस. बहुतेक लेकरं वाचतात ह्याच्यातून. वेळ चुकवायची नाही, एवढंच. अन् एका ताटात जेवल्यानं, एका बाजीवर झोपल्यानं हे होत नाही. सासरी कोणी वाकडं बोललं तं हे पत्र त्याच्यापुढं ठेव.

तुले जे शाप द्यायचे थे नंतर दे. आधी जा.

बाबा


मुकुटबन
१ मार्च

बाबा,

तपासणी केली. आहे.

डॉक्टर म्हणाले, सध्या लिव्हर ठीक आहे, पण दर काही महिन्यांनी दाखवावं लागेल. शेवटच्या महिन्यांसाठी गोळी सुरू केली. बाळंतपण पांढरकवड्याला, कार्डावर लाल पेनानं लिहून दिलं आहे. सासूबाई सोबत आल्या होत्या. परत येताना बसमध्ये त्यांनी माझा हात सोडला नाही.

पुन्हा पत्र लिहू नका, असं लिहायला बसले होते.

प्रेरणा


रविवार, ९ मार्च

प्रेरणा, माय,

तुह्या पत्रात 'आहे' हा शब्द पाह्यला अन् मी वावरात निंघून गेलो. नाल्याकाठचा पळस फुलला आहे. त्याच्याखाली बसलो. किती वेळ, सांगता येत नाही. फुलं पडत होती, अंगावर, टोपीवर. मले वाटलं संगीता बाजूले बसली आहे अन् बोराच्या आठळ्या टाकून राह्यली आहे टोपीत. मी तिले म्हटलं, "पोरीलेही आहे." तिनं आणखी एक आठळी टाकली. मी म्हटलं, "म्या साडेतीन वर्षं लपवलं." मग मी मोठ्यानं रडलो. वावरात कोणी नव्हतं, एक टिटवी होती, थे उडाली.

शेवटची ओळ मी कितीदा वाचली. 'लिहायला बसले होते.' मग नाही लिहिलं ना? मी तसाच अर्थ धरला. चुकला असेल तं कळव.

रविवार आहे म्हणून आंगणातलं सांगतो. माणसं अजूनही येतात. मी माळ देत नाही. बाजीवर बसवतो, उन्हात डोळे पाहतो, किती दिवस झाले इचारतो, मग म्हणतो, आधी रक्त. विमलताई बाजूले खुर्ची टाकून बसते, चिठ्ठी लिहून देते. काही जातात. काही मले पागल समजतात. आज कोहळ्याची मोतीबाई आलती, नवऱ्याले घेऊन, त्याचं पोट दारूनं फुगलेलं. मी म्हटलं, काकू, ह्याले यवतमाळले न्या, आजच. तं थे कमरेवर हात ठेवून म्हणते, "तुहा हात गेला रे पुंडलिक! भागीरथाबाईचा गुण तू मातीत घातला." मी म्हटलं, "हो काकू, घातला. गाडी सांगू का?" शिव्या देत देत गाडीत बसली. पण बसली.

थे सपन पुन्हा पडलं. माळ वावरातून निंघून चालली, मीही तिच्या मागं मागं चालत होतो, टोक धरून. केळापूरचं देऊळ मागं टाकलं, मग रस्ता ओळखीचा राह्यला नाही. दूर एक दार दिसत होतं. दारात कोण होतं, ते दिसण्याआधीच जाग आली. तसं चांगलं सपन होतं.

गोळी चुकवू नको. बाळंतपणात सिस्टर बदलली तं लाल पेनाचं तिलेही दाखव. कोणाच्या भरवशावर राहू नको, माह्या तं मुळीच नाही.

बाबा


रविवार, ३० मार्च २०२५, पाडवा

नाव नसलेल्या माह्या नातीले,

तुहं बारसं व्हायचं आहे, म्हणून वरती नाव लिहिता आलं नाही. हे पत्र तुही माय जपून ठेवीन असं म्हणाली. तू वाचायले लागशीन तव्हा मी असेन नसेन, म्हणून तुहा जन्म कसा झाला थे मीच सांगून ठेवतो.

तू सोमवारी सकाळी आली. लखनरावनं फोन केला, "बाबा, मुलगी झाली. दोन्ही सुया दिल्या, पहिल्या तासातच." मी इचारलं, कोणत्या मांडीत? जवाई गडबडला. म्हणाला, पाहून सांगतो. खरंच पाहून आला अन् सांगतलं, दोन्ही मांड्यात, एकेक. मग मले पटलं. पुढचे डोस आहेत, अन् वर्षाच्या आसपास तुहं रक्त तपासतील, तव्हा पक्कं समजन. थे तारीख मी आताच लिहून ठेवली, पुढच्या सालचं कॅलेंडर अजून यायचं आहे म्हणून भिंतीवर लिहिली.

पण तिसऱ्या दिवशी तुहे डोळे पिवळे झाले.

तुही आजी हंसाबाई भेली. तिनं मले फोन केला. "इवाई, छोरी हळदीसारखी दिसून राह्यली. डॉक्टर म्हणते नवीन लेकरायले होते असं, लाईटखाली ठेवू. पण माहं मन घेत नाही. तुमी कार्डात काहीही लिहा, पण एक माळ घेऊन या. तुमच्या हातची. माह्या जीवासाठी."

आता खरं सांगतो, कारण ह्या घरात खोटं बम झालं. मी माळ बांधली. न बोलता काड्या तोडल्या, एकवीस तुकडे केले. मले पक्कं माहीत होतं का ह्याच्यात काही नाही, खुंटीवर वाढलेली मी ह्या डोळ्यानं पाह्यली. तरी हात चालत होते. तुह्या संगीता आजीचा फोटो समोर होता अन् मी तिच्याकडं पाह्यलं नाही. माळ स्टीलच्या डब्यात ठेवली. मग दाराशी गेलो, वापस आलो, अन् शिलाईमशीनवरची कात्री घेऊन तीही डब्यात टाकली. बसमधी डबा मांडीवर. खिडकीतून सारा पळस पळत होता. वणीकडच्या कोणीतरी इचारलं, बाबा, डब्यात काय? मी म्हटलं, लेकीचं सामान आहे.

दवाखान्यात तू काचेच्या पेटीत होती. वरतून निळा उजेड, डोळ्यावर पट्टी, अंगावर कपडा नाही. निळ्या पाण्यात तरंगून राह्यली असं वाटे. मी पिवळ्या रंगात चाळीस वर्षं काढली, निळा पहिल्यांदा पाह्यला. उभाच राह्यलो.

तुही माय बाजूच्या खाटेवर बसली होती. साडेतीन वर्षांनी पाह्यली. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं नाही, डब्याकडं पाह्यलं.

"बाबा, माळ आणली?"

"आणली."

तिचं तोंड असं झालं का मले तिथून पळून जावं वाटलं. हंसाबाई उठल्या, म्हणाल्या, द्या इवाई, लवकर द्या, पेटीवर तरी ठेवू. मी डबा उघडला. माळ काढून प्रेरणाच्या एका हातात देली, अन् कात्री दुसऱ्या हातात.

"काप," मी म्हटलं.

हंसाबाई ओरडल्या, "अरे देवा, इवाई, काय करता? लेकरू समोर आहे!"

"म्हणूनच. काप, माय. तुह्या लेकराच्या समोर काप."

कात्री ओळखली तिनं, मुठीची एक कडी तुटलेली आहे, थेच. लय वेळ धरून बसली. मग कापली. काड्या फरशीवर पडल्या, एक घरंगळत पार दारापर्यंत गेली. हंसाबाईनं डोळे मिटून घेतले, छातीवर हात ठेवला. आम्ही तिघंही तुह्याकडं पाहत राह्यलो. तू जांभई देली. पाय झाडला, अन् पुन्हा झोपली.

हंसाबाईनं एक डोळा उघडून पाह्यलं, मग दुसरा.

तुही माय कात्री हातात धरून रडायले लागली. तेरवीत रडली नव्हती थे. म्हणाली, "आईचीही अशीच कापली होती, बाबा. मी अशीच कापली होती."

मी म्हटलं, "हो. अन् तव्हाही काही झालं नव्हतं, पोरी. तुह्या कापण्यानं काहीच झालं नव्हतं."

तिनं डोकं माह्या छातीवर टेकवलं. मी तिच्या केसातला पळसाचा एक तुकडा काढला, थे कदाचित माह्याच टोपीतून पडला असेल.

दोन दिवसांत तुही कावीळ उतरली, डॉक्टर म्हणाले आता लाईट नको. आज पाडवा, हंसाबाईनं साखरेची गाठी आणून खाटेच्या कोपऱ्याले टांगली होती. माहं काही म्हणणं नव्हतं, गाठी खायची असते.

पण थे नंतरचं. त्या दिवशी आम्ही असे उभे असताना सिस्टर आत आली. फरशीकडं पाह्यलं, कपाळावर आठ्या. "हा सगळा कचरा कोणी केला?"

"मी केला," मी म्हटलं, अन् खाली बसून एकेक काडी वेचली.

तुहा आजा,
पुंडलिक